मार्चचा घोडा, डिसेंबरचा भाव

14 मार्च 2025 रोजी चेल्टनहॅमचा गोल्ड कप आयनोदवेयुर्थिंकिन नावाच्या घोड्यानं सहा लेंथनं, म्हणजे सहा घोड्यांच्या लांबीइतक्या अंतरानं, जिंकला. सलग तिसऱ्या गोल्ड कपच्या आशेनं उतरलेला गॅलोपां दे शां त्याच्या मागे राहिला. विजेत्याचं नाव या शर्यतीच्या मूळ नोंदणीत नव्हतं. शर्यत तोंडावर आल्यावर त्याचे मालक जे. पी. मॅकमॅनस यांनी 25,000 पौंड जादा भरून त्याला आत घेतलं. हा घोडा मुळात ओळखला जात होता तो एप्रिलमधल्या ग्रँड नॅशनलचा उमेदवार म्हणून. त्या शर्यतीच्या बाजारात तो फेव्हरिट होता आणि आठवडेच्या आठवडे लोक त्याच्यावर पैसे लावत होते. गोल्ड कप जिंकल्यावर तर तो नॅशनलही खिशात घालणार असंच सगळ्यांना वाटू लागलं. पण शर्यतीआधीच बातमी आली की तो नॅशनल धावणार नाही. त्याच्यावर नॅशनलसाठी लागलेले आगाऊ पैसे तिथंच बुडाले.

घोडा कसा आहे, याबद्दल पैसे लावणाऱ्यांचा अंदाज शंभर टक्के बरोबर होता. तो त्या हंगामातल्या सर्वांत मोठ्या शर्यतीचा विजेता ठरला. तरीही पैसे गेले, कारण तो कुठं धावणार हा अंदाज चुकला. उडीच्या शर्यतींवर महिनोन् महिने आधी पैसे लावण्याचा सगळा प्रश्न या एका उदाहरणात आहे. ब्रिटन-आयर्लंडमध्ये या पैजेला अँटी-पोस्ट म्हणतात. तिच्यावर दरवर्षी भरपूर लिहिलं जातं, पण त्यातलं बरंचसं कुठला घोडा जिंकेल याबद्दल असतं. माझ्या मते तो प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आगाऊ भावात पहिली विक्री होते ती घोड्याच्या हजेरीची.

चेल्टनहॅम हे इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधलं गाव. क्लीव्ह हिल या टेकडीच्या पायथ्याशी तिथलं रेसकोर्स आहे आणि दर मार्चमध्ये मंगळवार ते शुक्रवार तिथं चार दिवसांत 28 शर्यती होतात. मंगळवारी चँपियन हर्डल, बुधवारी क्वीन मदर चँपियन चेस, गुरुवारी स्टेयर्स हर्डल आणि शुक्रवारी गोल्ड कप, असे त्याचे चार खांब. हर्डल म्हणजे ठेंगणे, धक्क्यानं झुकणारे अडथळे. चेस म्हणजे उंच आणि भरीव कुंपणं. चँपियन चेस दोन मैलांच्या आतबाहेर असते, तर गोल्ड कप सव्वातीन मैलांहून थोडा अधिक, 22 कुंपणांचा, आणि शेवटी दमछाक करणारा चढ. गोल्ड कप उडीची शर्यत म्हणून 1924 मध्ये सुरू झाला. गोल्डन मिलरनं तो 1932 ते 1936 असा सलग पाच वेळा जिंकला, आर्कलनं 1964 ते 1966 तीनदा. ही नावं तिथल्या लोकांना आपल्याकडच्या क्रिकेटपटूंच्या नावांसारखी तोंडपाठ असतात.

या महोत्सवाचं वैशिष्ट्य असं की अख्खा हिवाळा त्याच्या दिशेनं वाहतो. नोव्हेंबरात हेडॉकची बेटफेअर चेस, नाताळच्या दुसऱ्या दिवशी केम्प्टनची किंग जॉर्ज, त्याच आठवड्यात डब्लिनजवळच्या लेपर्डस्टाउनच्या शर्यती, जानेवारीच्या अखेरीस चेल्टनहॅमचा ट्रायल्स डे, आणि 2018 पासून फेब्रुवारीच्या सुरुवातीला लेपर्डस्टाउनलाच भरणारा डब्लिन रेसिंग फेस्टिव्हल. यातली प्रत्येक शर्यत स्वतंत्र मानाची आहे, तरी ती संपल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तो मार्चचा. घोडा अंतिम रेषा ओलांडून थांबायच्या आत बुकमेकरांचे नवे भाव जाहीर होतात. इतकंच काय, एका मार्चचा महोत्सव चालू असतानाच पुढच्या मार्चचे भाव निघतात. 2022 मध्ये गॅलोपां दे शां नवख्यांच्या चेसमध्ये खूप पुढे असताना शेवटच्या कुंपणावर पडला. ती शर्यत हातची गेली, पण पुढच्या वर्षीच्या गोल्ड कपचा दावेदार म्हणून त्याचं नाव पक्कं झालं, आणि 2023 मध्ये त्यानं तो जिंकलाही. पहिल्या हंगामातल्या घोड्यात असं काही दिसलं की ते सर्वांच्या आधी ओळखल्याचा आनंद काही वेगळाच असतो. लवकर पैज लावणारा माणूस भावाइतकाच या आनंदापोटी पैसे काढतो, आणि त्यात मला गैर काही वाटत नाही.

आता नियम. शर्यतीच्या दिवशी लावलेल्या पैजेत घोडा ऐन वेळी मागे घेतला गेला तर पैसे परत मिळतात. उरलेल्या घोड्यांवर ज्यांनी आधीच भाव घेतलेला असतो, त्यांच्या जिंकलेल्या रकमेतून मात्र टॅटरसॉल्स समितीच्या नियम 4 प्रमाणे कपात होते. मागे घेतलेला घोडा समभावाचा, म्हणजे एकास एक भावाचा असेल, तर पौंडामागे 45 पेन्स कापले जातात. एक तगडा प्रतिस्पर्धी कमी झाल्यानं बाकीच्यांचं काम सोपं झालं, त्याची ही भरपाई. आगाऊ पैजेला हे दोन्ही लागू नाही. घोडा आजारी पडो, लंगडो, दुसऱ्या शर्यतीत जावो किंवा मरो, पैसे गेले. उलट तुमचा घोडा धावला आणि त्याचे तीन प्रतिस्पर्धी गळाले, तर तुमच्या भावाला कात्री लागत नाही. हा सौदा कठोर आहे, पण जुना आहे आणि आतून सुसंगत आहे. जोखीम पूर्ण तुमची, म्हणून भाव मोठा.

या जुन्या सौद्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण उडीच्या नव्हे, सपाट शर्यतीतलं आहे. 1867 च्या एप्सम डर्बीच्या थोडे दिवस आधी हर्मिट नावाच्या घोड्याची सरावात रक्तवाहिनी फुटली. तो संपला असं समजून त्याचा भाव भलताच चढला. मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज या तरुण उमरावानं हर्मिट हरणार यावर महिन्यांपासून प्रचंड रकमा लावल्या होत्या. हर्मिटचे मालक हेन्री चॅप्लिन यांच्या वाग्दत्त वधूला पळवून त्यानं तिच्याशी लग्न केलं होतं, त्यामुळे या पैजांना वैराची धार होती. डर्बीच्या दिवशी हर्मिट धावला आणि एकास सहासष्टच्या भावानं जिंकला. हेस्टिंग्जचं सुमारे 1,20,000 पौंडांचं नुकसान झालं आणि पुढच्याच वर्षी, सव्विसाव्या वर्षी, तो वारला. त्या काळी आगाऊ पैजांचा बाजार हाच मुख्य बाजार होता. शर्यतीच्या दिवशीचा बाजार आणि गल्लोगल्लीची पैजेची दुकानं पुढे आली. ब्रिटनमध्ये अशी दुकानं कायदेशीर झाली ती 1961 मध्ये.

आकडेमोडीकडे वळू, कारण भाव मोठा आहे म्हणजे चांगला आहे असं नाही. कल्पनेतला एक घोडा घेऊ. डिसेंबरात त्याचा गोल्ड कपचा भाव एकास आठ आहे. तुमचा अंदाज असा की तो खरंच धावला तर त्या दिवशी त्याचा भाव दोनास सात असेल. बुकमेकरचा नफा बाजूला ठेवला तर दोनास सात म्हणजे जिंकण्याची शक्यता साधारण 22 टक्के. डिसेंबरच्या भावात एक पौंड लावून जिंकलात तर हातात नऊ पौंड येतात. नऊ गुणिले 22 टक्के म्हणजे जवळजवळ दोन. म्हणजे घोडा नक्की धावणार असेल तर एका पौंडाची अपेक्षा दोन पौंडांची. हा सौदा अफलातून वाटतो. पण तो त्याच शर्यतीत धावण्याची शक्यता निम्मी असेल तर अपेक्षा एक पौंडावर येते: ना नफा, ना तोटा. आणि ती शक्यता 40 टक्के असेल, तर भाव दुपटीहून मोठा दिसत असूनही पैज तोट्याची आहे. बहुतेक लोक या गणितातला दुसरा गुणक मनात धरतच नाहीत. मार्चमध्ये घोड्याचा भाव दोनास सात झाला की ते म्हणतात, माझ्याकडे आठचा आहे. जे घोडे मार्चपर्यंत पोचलेच नाहीत, त्यांची आठवण कुणी काढत नाही.

बुकमेकरच्या बाजूनं हेच उलटं दिसतं. आगाऊ यादीत वीस-तीस घोड्यांचे भाव असतात. प्रत्येक भावातून निघणाऱ्या शक्यतेची बेरीज केली तर ती शंभराच्या पुष्कळ वर जाते, आणि त्या यादीतले निम्म्याहून अधिक घोडे त्या शर्यतीत दिसतही नाहीत. त्यांच्यावरचे सगळे पैसे बुकमेकरचे. दुसरीकडे, इतक्या लवकर भाव काढताना त्याच्याकडेही माहिती तुटपुंजी असते, आणि एखाद्या घोड्याबद्दल त्याच्यापेक्षा जास्त जाणणारा माणूस त्याला चांगलाच फटका देऊ शकतो. म्हणूनच आगाऊ बाजारात मोठी रक्कम सहसा स्वीकारली जात नाही आणि सतत जिंकणाऱ्यांच्या खात्यांवर मर्यादा येतात. हे ब्रिटिश पैजबाजारातलं उघड वास्तव आहे. भाव छापायचा आणि जाणकारानं तो मागितला की चिल्लर रक्कम घ्यायची, हे मला प्रामाणिक व्यापाराचं लक्षण वाटत नाही.

घोडा न धावण्याची कारणं दोन जातींची. पहिलं शरीर. पाचशे किलोच्या आसपासचं जनावर ताशी तीस मैलांनी जाऊन कुंपणावरून उडी मारतं आणि काडीसारख्या पायांवर उतरतं. स्नायुबंध दुखावणं यात नेहमीचं. कॉन्स्टिट्यूशन हिलनं 2023 ची चँपियन हर्डल अशी जिंकली की 2024 ची शर्यत म्हणजे औपचारिकता असं मानलं जात होतं. हिवाळाभर त्याचा भाव समभावाच्याही खाली होता. फेब्रुवारीच्या अखेरीस केम्प्टनच्या सरावात तो निस्तेज पळाला, तपासण्यांत श्वसनमार्गाचा संसर्ग निघाला आणि ट्रेनर निकी हेंडरसन यांनी त्याला मागे घेतलं. दहा पौंड लावून पाच मिळवण्यासाठी चार महिने थांबलेल्यांचे दहाही गेले. असल्या घोड्यावर आगाऊ पैज लावणं मला कधीच समजलेलं नाही. भाव जितका लहान तितकी हजेरीची जोखीम महाग पडते, कारण चार महिन्यांत घोड्याला काही ना काही होण्याची शक्यता त्याच्या गुणवत्तेनं कमी होत नाही. याच हेंडरसन यांचा स्प्रिंटर सॅकर 2013 मध्ये जगातला सर्वोत्तम दोन मैलांचा चेसर होता. त्याच डिसेंबरात केम्प्टनला त्याच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले, त्याला अर्ध्यात थांबवावं लागलं, आणि 2014 च्या महोत्सवाला त्याला मुकावं लागलं. 2016 मध्ये त्यानं चँपियन चेस परत जिंकली तेव्हा लोक रडले होते.

शरीराचं हे कारण कुणाच्या हातात नाही आणि त्याबद्दल कुणाला दोषही देता येत नाही. दुसरं कारण माणसांचं आहे, आणि गेल्या वीस वर्षांत तेच वाढत गेलं आहे.

2005 पर्यंत महोत्सव तीन दिवसांचा होता. त्या वर्षी चौथा दिवस जोडला गेला आणि शर्यतींची संख्या वाढली. त्याच वेळी रायनएअर चेस आली, साधारण अडीच मैलांची. तिच्याआधी उत्तम चेसरपुढे दोनच वाटा होत्या: वेग असेल तर चँपियन चेस, दम असेल तर गोल्ड कप. आता मधली तिसरी वाट झाली. 2008 मध्ये घोडींसाठी मेअर्स हर्डल सुरू झाली. क्वेव्हेगा या घोडीनं ती 2009 ते 2014 सलग सहा वेळा जिंकली. 2011 मध्ये नवख्या चेसरांसाठी अडीच मैलांची आणखी एक शर्यत, 2016 मध्ये नवख्या घोडींची हर्डल, 2021 मध्ये घोडींची चेस. प्रत्येक भर घालताना दिलेलं कारण समजण्यासारखं होतं. घोडींच्या शर्यतींमुळे चांगल्या घोडी लवकर पैदाशीकडे न जाता धावत राहिल्या, हे तर मोठंच काम झालं. पण एकत्रित परिणाम असा झाला की जवळपास प्रत्येक चांगल्या घोड्यापुढे दोन-तीन पर्याय उभे राहिले, आणि निर्णय शेवटच्या आठवड्यापर्यंत ढकलता येऊ लागला.

इथं महालक्ष्मी रेसकोर्सवर जाणाऱ्या वाचकाला फरक चटकन कळेल. फेब्रुवारीत मुंबईला होणारी इंडियन डर्बी फक्त चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. त्या वयाचा अव्वल घोडा ठीक असेल तर तो डर्बीतच उतरणार, त्याच्यापुढे त्या मोसमात त्या तोलाचं दुसरं शिखर नाही. उडीचा घोडा दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत धावतो, अंतरं बदलतो, हर्डलकडून चेसकडे जातो आणि कधी परतही येतो. त्यामुळे तो कुठल्या शर्यतीचा घोडा आहे, हा प्रश्न त्याच्या बाबतीत दर हिवाळ्यात नव्यानं पडतो.

त्यात पागांचं केंद्रीकरण. आयर्लंडच्या कार्लो परगण्यातल्या क्लोसटन इथले विली मलिन्स यांनी 2022 मध्ये एकाच महोत्सवात दहा विजय मिळवले, 2024 मध्ये एकूण शंभरावा गाठला, आणि 2025 मध्ये पुन्हा दहा. एकाच पागेत एका शर्यतीचे पाच-सहा दावेदार असतात. त्यांना एकमेकांसमोर उभं न करता वेगवेगळ्या शर्यतींत वाटून देणं हे ट्रेनरचं कामच आहे. मालकांनी त्यासाठीच घोडे त्यांच्याकडे दिलेले असतात. मलिन्स आपले पत्ते उशिरा उघडतात आणि मन बदलायला कचरत नाहीत. ट्रेनर म्हणून हा त्यांचा गुण आहे. आगाऊ पैज लावणाऱ्यासाठी मात्र त्यांच्या पागेतला घोडा म्हणजे न लिहिलेला करार.

2016 चा मार्च या दृष्टीनं अभ्यासण्यासारखा आहे. मलिन्स यांच्या पागेत मालक रिच रिची यांचे तीन तारे होते. फोहीन आदल्या वर्षीचा चँपियन हर्डलचा विजेता; जानेवारीत आयरिश चँपियन हर्डल त्यानं पंधरा लेंथनं जिंकली होती. अ‍ॅनी पॉवर ही घोडी मेअर्स हर्डलची ठरलेली उमेदवार. आदल्या वर्षी याच शर्यतीत ती शेवटच्या अडथळ्यावर पडली, तेव्हा मलिन्सच्या चार घोड्यांवर एकत्र पैज लावलेल्या हजारो लोकांचे पैसे एका क्षणात गेले होते. आणि वॉतूर, गोल्ड कपचा दावेदार. फेब्रुवारीत फोहीनचा पाय दुखावला. चँपियन हर्डलवरचे त्याच्यावरचे पैसे गेले. मग 20,000 पौंड भरून अ‍ॅनी पॉवरची त्या शर्यतीत उशिरा नोंदणी झाली आणि ती जिंकली. तिच्यावर मेअर्स हर्डलसाठी लागलेले पैसे गेले. ती शर्यत त्याच पागेच्या व्रूम व्रूम मॅगनं जिंकली. म्हणजे एका पायाच्या दुखापतीनं दोन शर्यतींचे हिशेब उलटले, आणि दोन्हीकडे पागा जिंकली.

वॉतूरचं प्रकरण याहून जिव्हारी लागलं. मालकानं जाहीरपणे सांगितलं होतं की घोडा गोल्ड कपच धावेल, नाहीतर घरी राहील. ऐन महोत्सवात त्याला रायनएअरमध्ये उतरवलं. तो तिथं सहा लेंथनं जिंकला, गोल्ड कप डॉन कॉसॅकनं नेला. घोड्याच्या हिताचा निर्णय म्हणून तो योग्य होता, निकालानंच ते दाखवलं. मालकाला घोडा कुठं धावावा हे ठरवण्याचा पूर्ण हक्क आहे. पण जाहीर शब्दावर विसंबून ज्यांनी पैसे लावले त्यांच्या रागातही तथ्य होतं. मी या वादात दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. बेत बदलणं हा हक्क आहे. बेत ठरलेला नसताना तो ठाम असल्यासारखा सांगणं ही चूक आहे. अजून ठरलेलं नाही, दोन्ही शर्यती डोक्यात आहेत, एवढं सांगितलं असतं तर बाजारानं त्याचा भाव आपोआप नीट लावला असता.

पर्याय वाढत गेले त्याच वर्षांत बुकमेकरांनी उपाय म्हणून एक सवलत रूढ केली: घोडा धावला नाही तर पैसे परत. पूर्वी ती महोत्सवाच्या आठवडाभर आधी मिळे. स्पर्धेपायी ती मागे मागे सरकत गेली, आणि आता नव्या वर्षाच्या सुरुवातीपासूनच ती कुठे ना कुठे मिळते, आधी मोठ्या शर्यतींवर आणि मग सगळ्यांवर. सामान्य माणसासाठी ही चांगली सोय आहे. पण फुकट ती नाही. सवलत लागू झाली की भाव आक्रसतात, कारण हजेरीची जोखीम आता बुकमेकरच्या अंगावर असते. विशेषतः ज्या घोड्याचं नाव तीन शर्यतींत आहे, त्याचा तिन्ही ठिकाणचा भाव असा दिला जातो की जणू तो तिथंच धावणार आहे. मग ही पैज आगाऊ राहतच नाही. ती शर्यतीच्या दिवशीचीच पैज, थोडी आधी लावलेली.

म्हणून माझं मत असं बनलं आहे की जुन्या पद्धतीची, पैसे बुडण्याची जोखीम असलेली पैज आता एकाच प्रकारच्या घोड्यावर लावावी: ज्याच्यापुढे दुसरी वाट नाही. तीन मैलांच्या आत ज्याला वेगच सापडत नाही असा चेसर घ्या. तो गोल्ड कपमध्ये नाहीतर कुठंच नाही. लहान पागेतला एकुलता एक चांगला घोडा घ्या. त्याला जागा करून देण्यासाठी बाजूला सरकवायला दुसरा नाही, आणि त्याचा मालक आयुष्यभर याच दिवसाची वाट पाहत असतो. 1990 मध्ये एकास शंभर भावानं गोल्ड कप जिंकणारा नॉर्टन्स कॉइन वेल्समधल्या एका दूधवाल्या शेतकऱ्याचा घोडा होता. 2015 मध्ये कोनिग्री हा पहिल्याच हंगामातला चेसर मोजक्या घोड्यांच्या कौटुंबिक पागेतून येऊन जिंकला. नवख्यानं गोल्ड कप जिंकण्याची ती 1974 नंतरची पहिली वेळ. मात्र त्याच्यापुढेही नवख्यांच्या शर्यतीचा पर्याय होता, आणि मोठ्या शर्यतीत उतरायचं हे जानेवारीत कुणालाच छातीठोक सांगता आलं नसतं. म्हणजे माझा हा निकषही कसाला लागतोच.

ईच-वे पैजेत आगाऊपणाचा एक खरा फायदा शिल्लक आहे, आणि त्याच्याकडे फारसं लक्ष जात नाही. ईच-वे म्हणजे अर्धे पैसे जिंकण्यावर, अर्धे पहिल्या काही क्रमांकांत येण्यावर. आगाऊ बाजारात अटी पैज लावताना ठरतात: बहुधा पहिले तीन, भावाच्या एकपंचमांशानं. शर्यतीच्या दिवशी मात्र क्रमांक किती फेडायचे हे धावणाऱ्या घोड्यांच्या संख्येवर ठरतं. आठाहून कमी असतील तर नेहमीच्या अटींत दोनच. चँपियन हर्डलला अलीकडे सात-आठच घोडे उतरतात. सातच उतरले, तर डिसेंबरात एकास चाळीसनं ईच-वे घेतलेला दुय्यम घोडा केवळ उभा राहिला आणि तिसरा आला, तरी एकास आठनं पैसे देतो, त्या दिवशी लावणाऱ्याला काहीच मिळत नाही. मोठ्या नावांकडे बघून जिथं बाकीचे पळून जातात, तिथं हा मार्ग आहे.

हँडिकॅप शर्यतींबद्दल, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादून सामना बरोबरीचा केला जातो त्या शर्यतींबद्दल, थोडक्यातच सांगण्यासारखं आहे: आगाऊ पैज लावू नये. वजनं जाहीर व्हायची असतात, नोंदण्या शंभराच्या घरात जातात, सुरक्षेसाठी धावणाऱ्यांची संख्या मर्यादित असते, आणि कमी वजनाचा घोडा धडधाकट असूनही यादीबाहेर राहतो.

माहितीच्या न्याय्य वाटपाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 2000 मध्ये बेटफेअर हे पैजांचं ऑनलाइन एक्स्चेंज आलं आणि घोडा हरणार यावर कुणालाही पैसे लावता येऊ लागले. हर्मिटच्या काळी हे उमराव आणि बुकमेकर यांच्यात चाले, आता ते कुणाच्याही हातात आलं. आगाऊ बाजारात याचा अर्थ भयंकर आहे. घोड्याचा पाय सकाळी सुजला हे ज्याला दुपारपर्यंत एकट्याला माहीत आहे, तो त्या घोड्याविरुद्ध पैसे लावून निश्चित नफा कमावू शकतो, आणि समोरच्या बाजूला कुणीतरी आनंदानं मोठा भाव मिळाला म्हणून पैसे देत असतो. ब्रिटिश नियमांनी मालक, ट्रेनर आणि पागेतल्या लोकांना स्वतःच्या घोड्याविरुद्ध पैज लावायला बंदी केली, ती याचसाठी. पण माहिती भिंतीबाहेर जायला एक फोन पुरतो. एखाद्या घोड्याचा भाव कारण नसताना वर चढू लागला की संध्याकाळी त्याच्या माघारीची बातमी येते, हे बाजार पाहणाऱ्या प्रत्येकाला ओळखीचं आहे. बातमी कळल्याबरोबर जाहीर करणारे ट्रेनर आहेत. हेंडरसन यांनी 2024 मध्ये कॉन्स्टिट्यूशन हिलच्या तपासण्यांची माहिती टप्प्याटप्प्यानं दिली, त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलं पाहिजे. हा शिष्टाचार न राहता नियम व्हावा, असं मला तीव्रतेनं वाटतं.

पैसे महिनोन् महिने अडकून पडतात, हाही प्रश्न लहान नाही. ऑक्टोबरात लावलेला पौंड मनातून खर्च झालेला असतो, म्हणून माणूस नोव्हेंबरात आणखी लावतो, आणि फेब्रुवारीपर्यंत एकाच शर्यतीत पाच घोडे त्याच्या नावावर असतात. त्यांतले तीन धावणारही नसतात. ब्रिटनमध्ये 14 एप्रिल 2020 पासून क्रेडिट कार्डानं पैज लावायला बंदी आहे, ती उधारीवर चालणाऱ्या नेमक्या अशा साखळ्या तोडण्यासाठी. भारतातून तर 2025 च्या कायद्यानंतर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन व्यवहारांचं दार बंदच आहे. लंडन-बर्मिंगहॅमकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना मात्र हा बाजार दर मार्चमध्ये घराजवळच्या दुकानाच्या काचेवर दिसतो. त्यांच्यासाठी मी एवढंच सांगेन की हंगामाची रक्कम ऑक्टोबरात ठरवावी आणि ती डिसेंबरात संपली तर मार्च नुसता पाहावा. पाहण्यासारखा तो असतोच.

चेल्टनहॅमच्या चालकांनाही पर्यायांच्या गर्दीची झळ कळली आहे. 2025 च्या महोत्सवापासून त्यांनी नवख्यांची अडीच मैलांची वरच्या दर्जाची चेस बंद केली आणि तिच्या जागी हँडिकॅप आणली. मधली वाट बंद झाल्यानं मलिन्स यांच्या बॅलीबर्नला दोन मैल की तीन मैल हे निवडावं लागलं. तो तीन मैलांकडे गेला आणि हरला, आणि त्या शर्यतीत लेकी वॉटसन हा कुणाच्या फारसा खिजगणतीत नसलेला घोडा जिंकला. हा बदल मला स्वागतार्ह वाटतो. घोडे एकमेकांना भिडले, आणि हिवाळ्यातल्या अंदाजांना अर्थ आला.

मेअर्स हर्डलला मात्र तेव्हा कुणी हात लावला नाही. 11 मार्च 2025 च्या दुपारी त्याचा परिणाम दिसला. लॉसीमाउथ ही घोडी हिवाळाभर चँपियन हर्डलची दावेदार मानली जात होती. फेब्रुवारीत लेपर्डस्टाउनला ती पडली आणि शेवटी तिला मेअर्स हर्डलमध्ये वळवलं. ती शर्यत तिनं सहज जिंकली. गोल्डन एस या दुसऱ्या घोडीपुढेही हेच दोन पर्याय होते. तिच्या मालकानं चँपियन हर्डलचा आग्रह धरला. त्या शर्यतीत सात घोडे उतरले. पाचव्या अडथळ्यावर कॉन्स्टिट्यूशन हिल पडला. शेवटच्या अडथळ्यावर, आघाडीवर असलेला स्टेट मॅन पडला. गोल्डन एस एकास पंचवीसच्या भावानं जिंकली. लॉसीमाउथवर चँपियन हर्डलसाठी आगाऊ पैसे लावलेले लोक आपली घोडी दुसऱ्या शर्यतीत जिंकलेली पाहून हात चोळत बसले. गोल्डन एसवर मेअर्स हर्डलसाठी पैसे लावलेल्यांचंही तेच झालं. ज्या घोडीनं त्या हंगामात चँपियन हर्डलच्या तोलाची शर्यत धावली आहे, तिला मेअर्स हर्डल बंद करावी, असा नियम करायला हरकत नाही. बाकीच्या घोडींसाठी ती शर्यत पुष्कळ आहे, आणि चँपियन हर्डलला सातच्या जागी दहा घोडे मिळतील.